नवरा स्किपर, मी क्रू?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका ५१ वर्षांच्या, कोथरूडला राहतात, माध्यमिक शाळेत गणित शिकवतात. यजमान ५५ वर्षांचे, इंजिनीअर. मार्चमध्ये त्यांनी नोकरी सोडली. गेली तीन वर्षं ते रोज रात्री शिडाच्या बोटींचे व्हिडिओ बघतात. आधी कोकण किनारा, मग अंदमान, मग बघू, असं वर्षातले काही महिने बोटीवरच राहायचं, हा त्यांचा बेत. सीओईपीत (पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात) असताना रेगाटासाठी, म्हणजे कॉलेजच्या होड्यांच्या सोहळ्यासाठी, मुळेच्या पाण्यात त्यांनी होडी वल्हवली आहे, त्यामुळे 'पाणी मला नवीन नाही' असं त्यांचं म्हणणं. जानेवारीत फुकेतला पाच दिवस बोटीवर राहून शिकायचा कोर्स त्यांनी दोघांसाठी नोंदवला आहे. स्वतःसाठी 'डे स्किपर' (बोटीचा कप्तान), बायकोसाठी 'कॉम्पिटन्ट क्रू' (हाताखालचा खलाशी), दोघं एकाच बोटीवर. बाईंना पोहता येत नाही. त्या लिहितात: "त्यांनी आयुष्यभर आमच्यासाठी मन मारलं. आता त्यांच्या एका स्वप्नात मी खोडा घालतेय असं वाटतं. पण समुद्राचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. ते म्हणतात, तुला काही करायचं नाहीये, नुसतं बरोबर यायचंय, मी आहे ना. जाऊ की नको?" पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यजमानांनी त्यांना गाडी शिकवायला घेतली होती. चौथ्या दिवशी कर्वे पुतळ्यापाशी त्या गाडीतून उतरल्या, रिक्षाने घरी आल्या आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या शेवटच्या ओळीपाशी अडकले. पंचवीस वर्षांपूर्वी कर्वे पुतळ्यापाशी तुम्हाला भीती कशाची वाटली होती? गाडीची, की शेजारच्या सीटवरून येणाऱ्या 'क्लच, अगं क्लच!'ची? याचं उत्तर मला कळवू नका, पण स्वतःशी देऊन ठेवा. पाण्याच्या भीतीवर उपाय आहेत आणि ते पुण्यातच मिळतात. दुसऱ्या भीतीला घेऊन फुकेतला गेलात तर तिथे गाडीतून उतरायची सोय नसते, रिक्षाही नसते.

मी स्वतः सेलिंग शिकले ते अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुंबईच्या बंदरात. नवऱ्याला सांगून, पण बरोबर न नेता. त्यामुळे माझं मत कुठल्या बाजूला झुकणार ते आधीच सांगून टाकते. जाऊ की नको हा प्रश्न तुम्ही तीन महिने आधी विचारताय. त्याच्या अलीकडे दुसरा प्रश्न आहे: शिडाच्या बोटीचं सुकाणू एकदा तरी स्वतःच्या हातात धरून बघितलंत का? तो अनुभव गाठीशी असला की मग 'नाही' म्हणा, खुशाल म्हणा. ते तुमचं स्वतःचं 'नाही' असेल, आणि घरात त्याला वजनही वेगळं येईल.

आधी त्या नोंदणीकडे बघू, कारण माझ्या मते खरं घोडं तिथे पेंड खातंय. डे स्किपर आणि कॉम्पिटन्ट क्रू हे ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनचे, म्हणजे आरवायएचे कोर्स, जगभर चालतात. दोन्ही पाच-पाच दिवसांचे. बऱ्याच ठिकाणी ते एकाच बोटीवर आणि एकाच शिक्षकाच्या हाताखाली घेतात, कारण सोयीचं पडतं. स्किपर होऊ घातलेल्याने बेत आखायचा आणि सूचना द्यायच्या, क्रूने त्याप्रमाणे दोर ओढायचे, शिक्षकाने मागे बसून बघायचं. म्हणजे तुमच्या बाबतीत काय होणार? पाच दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुमचे यजमान तुम्हाला हुकूम सोडायचा सराव करणार आणि जमलं तर त्याबद्दल त्यांना प्रमाणपत्र मिळणार. कर्वे पुतळ्याची ही सुधारित आवृत्ती झाली.

आणि आणखी एक. कॉम्पिटन्ट क्रूसाठी आधीचा काहीच अनुभव लागत नाही. डे स्किपरच्या प्रात्यक्षिक कोर्साचं तसं नाही. तिथे अपेक्षा असते की माणसाने त्याआधी निदान पाच दिवस यॉटवर काढलेत, १०० सागरी मैल पार केलेत आणि चार तास रात्रीच्या अंधारात सेलिंग केलंय. शिवाय चार्ट (समुद्राचा नकाशा) वाचणं, भरती-ओहोटीचा हिशोब, मार्ग आखणं ही थिअरी यायला हवी. तिचा वेगळा कोर्सच साधारण ४० तासांचा असतो. तुमच्या पत्रावरून तरी यजमानांच्या खात्यात यातलं काही दिसत नाही. व्हिडिओ धरले जात नाहीत. रेगाटाबद्दल मला पूर्ण आदर आहे, १९२८ पासून चालत आलेली गोष्ट आहे ती आणि पुण्याला तिचा अभिमान असायलाच हवा. पण वल्ही मारणाऱ्याची शक्ती त्याच्या दंडात असते, वारा लागला नाही तर उलट बरंच. शिवाय तो बिचारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो! शीड हे पूर्णपणे निराळं प्रकरण आहे. तेव्हा रीतसर बघितलं तर जानेवारीत तुम्ही दोघंही क्रूच्याच बाकावर बसायला हवं, शेजारी शेजारी, दोघंही नवखे. हे त्यांना जेवताना सांगू नका. त्या शाळेच्या पानावर प्रवेशाच्या अटी लिहिलेल्या असतात, त्या त्यांच्यासमोर उघडून ठेवा आणि चहा करायला आत जा.

आता 'मी आहे ना' बद्दल. प्रेमाने म्हणतात, मला कळतं. पण दोघांच्या बोटीवर या वाक्याइतकं धोक्याचं दुसरं वाक्य नाही.

आमच्या कोर्साच्या चौथ्या दिवशी माणूस पाण्यात पडल्यावर काय करायचं, याचा सराव होता. आमच्या शिक्षकाने बोटीच्या बाजूला टांगायचा एक जुना रबरी फेंडर घेतला, त्याला फाटकं लाइफ जॅकेट घातलं, खाली पाण्याने अर्धी भरलेली बादली बांधली म्हणजे वाऱ्याने तो उडून जाऊ नये, आणि त्याचं नाव ठेवलं बंड्या. मग काही न सांगता बंड्याला पाण्यात फेकलं आणि ओरडला, "बंड्या पडला!" नियम सोपा. एकाने हात त्याच्याकडे रोखून नजर लावून बसायचं, पापणी लवली तरी डोकं वळवायचं नाही. दुसऱ्याने बोट फिरवून परत आणायची आणि त्याच्या बाजूला अशी थांबवायची की हात पोचेल. बोटीला ब्रेक नसतो हे इथे कळतं. पहिल्या खेपेला मी बंड्याच्या अंगावरून गेले. दुसऱ्या खेपेला दहा फुटांवरून सुसाट निघून गेले. तिसऱ्या खेपेला तो दिसेचना. जेमतेम फूटभर लाटा होत्या, ऊन लख्ख होतं, तरी भगव्या रंगाची एवढी मोठी वस्तू पाण्यात दिसेना. चौथ्यांदा सापडला. त्या रात्री मला झोप लागली नाही. बंड्याऐवजी आमचे हे असते तर, हा विचार डोक्यातून जाईना.

आता तुमची बोट डोळ्यांसमोर आणा. माणसं दोन. एकाला सगळं येतं, दुसऱ्याला 'काही करायचं नाहीये'. सगळं येणाराच पाण्यात पडला तर? किंवा त्याला ताप आला, बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) डोक्याला लागली, किंवा अगदी साधं, त्याला झोप आली तर? भारतीय नौदलाच्या दिलना आणि रूपा या दोघी अधिकारी तारिणी बोटीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला गेल्या. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या, २९ मे २०२५ ला गोव्यात परतल्या. त्यांच्याशी तुलना करा असं मी मुळीच म्हणत नाही, त्या कुठे आणि आपण कुठे. पण दोघींच्या बोटीचं गणित कोथरूडच्या जोडप्यालाही तेच लागू पडतं: एक झोपलेली असते तेव्हा दुसरी बोटीवर एकटी असते. म्हणून नुसतं बरोबर जाणं हा पर्याय मी तुमच्यापुढे ठेवणारच नाही. शिकून जा, नाहीतर धक्क्यावर उभं राहून हात हलवा. दोन्हीत मान आहे.

आता पाणी. 'पाण्यात पडलं की पोहता येतं' ही म्हण ज्याने काढली तो काठावर उभा असणार. पन्नाशीनंतर कोणालाही पाण्यात ढकलू नये. सेलिंग करायला पट्टीचं पोहता यावं लागत नाही, लाइफ जॅकेट अंगात असतंच. लागतं ते एवढंच की नाकातोंडात पाणी गेल्यावर डोकं ठिकाणावर राहावं. टिळक टँकवर किंवा घराजवळच्या कुठल्याही तलावावर बायकांच्या बॅचला नाव घाला आणि प्रशिक्षिकेला स्पष्ट सांगा: मला फ्रीस्टाइल नको, मला उताणं पडून एक मिनिट तरंगता यायला हवं आणि तोंड पाण्याखाली घालून श्वास सोडता यायला हवा. महिना-दीड महिन्यात बहुतेकींना एवढं जमतं. जमल्यावर तलावाची परवानगी घेऊन लाइफ जॅकेट घालून एकदा खोल बाजूला उडी मारा. जॅकेट आपल्याला वर कसं आणतं हे एकदा अंगाला कळलं की पोटातला गोळा बराच लहान होतो.

बोट कलण्याची भीती वेगळी, आणि ती पाण्याच्या भीतीहून जास्त बोचते. छोटी डिंगी, म्हणजे एक-दोन माणसांची बोट, खरोखरच उलटते. उलटली की तिच्या तळातून आलेल्या फळीवर उभं राहून तिला सरळ करायचं. पोरांना यात भलतीच मजा वाटते. शिकायचा सगळ्यात पक्का रस्ता डिंगीचाच, सेलिंगवाले शपथेवर सांगतील. पण तुम्हाला मी तिथून सुरुवात करायला सांगणार नाही. मोठ्या बोटीच्या पोटाखाली कील असते, लोखंडाचं किंवा शिशाचं वजन. वाऱ्याने बोट कलते, आणि जितकी जास्त कलते तितकं ते वजन तिला परत सरळ खेचतं. गणेशोत्सवात विकतात ना ती बुडाशी जड असलेली बाहुली, ढकलली की पुन्हा उभी राहते, तसं काहीसं. तुमची पहिली बोट कीलवाली असू दे.

माझी पहिली फेरी सांगते. गेटवेपासून थोडं आत गेलो. दुपारचे खारे वारे नुकते सुरू झाले होते, आणि माझ्या हातात मेनसेलची, म्हणजे मुख्य शिडाची, शीट दिली होती. (शीट म्हणजे शीड नव्हे. शीट म्हणजे शीड आवळायचा आणि सोडायचा दोर. हा गोंधळ प्रत्येकाचा होतो, लाजू नका.) झुळूक आली, बोट कलली, माझी चप्पल सटकली आणि मी जिवाच्या आकांताने तो दोर ओढून धरला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तसा. धरायचा नव्हता! दोर ओढला की शीड आणखी वारा पितं आणि बोट आणखी कलते. आमचा शिक्षक कोळीवाड्यातला चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा होता. बसल्या जागेवरून, आवाज न चढवता म्हणाला, "मावशी, दोर सोडा. बोट तुमच्यावर रागावली नाहीये." मी सोडला. शीड फडफडलं, आणि गॅस बारीक केल्यावर उतू चाललेलं दूध बसतं तशी बोट जागेवर बसली. त्या क्षणी मला सेलिंग आवडलं. घाबरल्यावर घट्ट धरायचं ही माझी जन्माची सवय, आणि इथे घाबरल्यावर सोडायचं असतं.

हा मुलगा माझा कोणी नव्हता, हे फार महत्त्वाचं होतं. नवरा त्या जागी असता तर तो ओरडला असता, मी उलट ओरडले असते, आणि दूध उतू गेलं असतं.

तुम्हाला गाडी येत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका, ही तुमची जमेची बाजू आहे. छोट्या बोटीला चाक नसतं, टिलर असतो, सुकाणूचा दांडा. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. वीस वर्षं गाडी चालवलेल्यांची इथे जी तारांबळ उडते ती बघण्यासारखी असते. आणि तुम्ही गणिताच्या बाई, हे तर यजमानांच्या लक्षातच आलेलं दिसत नाही. वारा जिकडून येतो तिकडे बोट सरळ जात नाही, वाऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडावे लागतात. म्हणून घाटातल्या वळणांसारखं नागमोडी जायचं, आधी एका अंगाने, मग दुसऱ्या. समोर एक मैल जायचं असेल तर प्रत्यक्षात चाल पडते १.४ मैल. का, ते मी तुम्हाला काय सांगणार, कर्णाचा हिशोब आहे. सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर, अक्षांशाचं जवळजवळ एक मिनिट. चार्टवर दीपगृह आणि किल्ल्याचा बुरूज अशा दोन खुणांची दिशा होकायंत्राने घेऊन रेषा काढायच्या, त्या छेदतात तिथे आपण. भरती कधी, किती, खडकावर पाणी पुरेल का, हा सगळा आकड्यांचा आणि आलेखांचा खेळ. तिथी बघून उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) हे कोकणातली कुठलीही आजी सांगते, आणि उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं तेव्हा तो हिशोब चुकून चालत नाही. डे स्किपरची थिअरी अनेकांना जड जाते. तुम्हाला ती नववीच्या पेपरासारखी वाटेल. यजमान पुण्यात घरबसल्या थिअरी करणार असतील (करायलाच हवी) तर तुम्हीही बरोबर करा. कोणाचे मार्क जास्त येतील यावर मी पैज लावायला तयार आहे.

मग काय करायचं? मला सुचतं ते असं. फुकेतची नोंदणी आज रद्द करू नका, पण बदलून घ्या. शाळेला लिहा की दोघांनाही कॉम्पिटन्ट क्रू करायचं आहे आणि शक्य असेल तर वेगवेगळ्या बोटींवर. दोन बोटी नसतील तर एकीवर, पण दोघंही क्रू. मधल्या काळात, म्हणजे आत्ता दसऱ्यानंतर, मुंबईला जा. पावसाळ्यात उतरवलेली शिडं तिथे ऑक्टोबरात पुन्हा चढतात आणि मेपर्यंत हंगाम चालतो. पुण्याहून रोज कसं जमणार, असं मनात येईल. रोज नकोच. सकाळच्या डेक्कन क्वीनने निघालात तर वाऱ्याच्या आधी पोचता, कारण बंदरात खरा वारा दुपारीच धरतो. सकाळी नऊला बोटीवर बसून घाम गाळण्यात काही अर्थ नसतो. शनिवार-रविवार जोडून दोन-तीन खेपा, एखाद्या मैत्रिणीकडे मुक्काम, एवढं पुरे. आणि यजमानांना त्या दिवशी दुसऱ्या बोटीवर, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात पाठवा. हे मात्र अजिबात सोडू नका.

तीन खेपांनंतरही समुद्र नकोसा वाटला तर फुकेतला ते एकटे जाऊ देत. पैसे भरलेत म्हणून जायचं, हे कारण बोटीवर दुसऱ्या दिवशीच संपतं. त्यांच्यासाठी आणि तुमच्यासाठी मधला मार्गही आहे. स्किपरसकट बोट भाड्याने मिळते. चार-पाच दिवस एखादा जाणता स्किपर बोट चालवतो, यजमान त्याच्या हाताखाली हवं तेवढं शिकतात, तुम्हाला वाटलं तर टिलर धरा, नाही वाटलं तर पुस्तक वाचा. (खाली केबिनमध्ये नाही, वर बसून. खाली वाचलं की हमखास मळमळतं. मळमळ सुरू झाली तर सुकाणू मागून घ्या. क्षितिजाकडे बघत बोट हाकणाऱ्याला ती फार कमी होते. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि निघायच्या आधी. उलटी होऊ लागल्यावर ती पोटात राहत नाही.)

बोटीवरच राहायच्या कोर्साबद्दल दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पहिली, संडास. हाताने पंप मारायचा असतो आणि त्यात तुमच्या पोटातून आलेल्या गोष्टींखेरीज काहीही टाकायचं नाही. दार पातळ प्लायवूडचं, पलीकडे अनोळखी माणूस कांदा चिरतोय. पहिल्या दिवशी संकोच होतो, तिसऱ्या दिवशी कोणाला काही वाटत नाही. दुसरी, स्वयंपाक. बोटीवर सगळ्यांची कामं पाळीपाळीने असतात, पण मी बघितलंय की तासाभरात बायका आपसूक ओट्यापाशी पोचतात आणि पुरुष दोरांपाशी. आपणच जातो हो, कोणी ढकलत नाही. "तुम्ही बसा, मी करते" हे वाक्य पुण्यात ठेवून जा. दोर ओढायला ताकद लागते म्हणून मागे सरू नका. ताकदीचं काम विंच, म्हणजे दोर ओढायची फिरकी, करते, दोराला तिच्यावर तीन वेढे द्यायचे की झालं. हाताची बोटं मात्र दोर आणि विंचच्या मध्ये आणायची नाहीत. आणि दोर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही. मऊ बॅग न्या, टणक सुटकेस बोटीवर कुठेही मावत नाही. चष्म्याला दोरी बांधा. चप्पल माझ्यासारखी घालू नका.

असाच बेत मनात असलेल्या इतरांची पत्रंही अधूनमधून येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. शाळा निवडताना फोटोंवर जाऊ नका. एका शिक्षकामागे किती शिकाऊ, ते विचारा. पाचांहून जास्त असतील तर नको. दिवसात माझ्या हातात सुकाणू किती वेळ येईल, आणि वारा पडला तर काय करता, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा अडखळला तर ते शिक्षण नव्हे, सहल आहे. मी एकदा परदेशात असा कोर्स केला, नाव घेत नाही. पाच दिवसांत मी सुकाणू धरलं ते मोजून चाळीस मिनिटं, बाकी वेळ आम्ही इंजिनावर एका खाडीतून दुसऱ्या खाडीत पोहायला जात होतो. प्रमाणपत्र मात्र सुंदर छापलं होतं. मुलांकडे अमेरिकेला सहा-सहा महिने जाणाऱ्यांनी तिथल्या अमेरिकन सेलिंग असोसिएशनचा १०१ क्रमांकाचा पहिला कोर्स करायला हरकत नाही, पुढे १०३, १०४ आहेत. फक्त एक ध्यानात ठेवा. बंदरात शिरताना आपल्याकडे लाल बोया (वाट दाखवणारी तरंगती खूण) डाव्या हाताला ठेवायचा असतो, अमेरिकेत उजव्या. तिथे पाठ केलेली घोकणी इथे म्हटलीत तर बोट खडकावर. पावसाळ्यातच शिकायचं असेल तर समुद्र विसरा, तळ्यावर जा. हैदराबादच्या हुसेनसागरात ऐन जुलैत रेगाटा भरते.

यजमान जुनी बोट विकत घ्यायचं म्हणतायत, असंही तुम्ही ओझरतं लिहिलंय. पहिले दोन हंगाम नको. कोकणात आपण गाडी लावतो तशी बोट लावायला मरिना नाहीत. जयगड असो की विजयदुर्ग, नांगर टाकून राहावं लागतं, रात्री वारा फिरला की उठून बघावं लागतं, आणि मच्छीमारांच्या जाळ्यांतून वाट काढावी लागते. एकदा इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यात जाळं अडकलं की स्वप्न कुठल्या कुठे जातं, आणि जाळं ज्याचं फाटलं त्याचंही काही म्हणणं असतंच. हे सगळं दुसऱ्याच्या बोटीवर क्रू म्हणून बघून घ्यावं.

आणि ते मन मारण्याचं. त्यांनी मारलं असेल, तुम्हीही मारलंच असेल, पत्रात त्याचा हिशोब नाही एवढंच. तुमच्या नोकरीची सात वर्षं बाकी आहेत. 'वर्षातले काही महिने' म्हणजे नेमके किती, तुमच्या शाळेच्या सुट्टीत बसणारे की त्यांच्या रिकामपणाला पुरणारे, हे एकदा कॅलेंडर समोर ठेवून बोला. मेची सुट्टी मुंबईच्या हंगामाच्या शेवटाला पडते, दिवाळीची सुरुवातीला. मला तर ही जुळणी वाईट दिसत नाही.

या रविवारी एक काम करा. बोहरी आळीत जा आणि आठ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर दोन-दोन मीटर, दोन तुकडे आणा. टोकं मेणबत्तीवर धरून वितळवा म्हणजे उसवत नाहीत. मग बोलाइनची गाठ शिका. कितीही ताण आला तरी ती घसरत नाही आणि काम झालं की हाताने सहज सुटते. दाराच्या कडीला बांधा, सोडा, पुन्हा बांधा, कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. न बघता यायला लागली की दुसरा तुकडा यजमानांच्या हातात द्या आणि त्यांना शिकवा. ते चुकले तर ओरडू नका.